माहेरची हवा

रेवाने शाळेत नळीत फुंक मारली आणि यंत्राने तिच्या आजोळाला दोषी ठरवलं.

'दोषी' हा शब्द यंत्राने वापरला नव्हता म्हणा. यंत्रं फार सभ्य असतात. केतकी भुवडच्या फोनवर आलेल्या लेकीच्या आरोग्यपत्रिकेत एवढंच होतं: 'श्वसनक्षमता वयाच्या मानाने कमी. संभाव्य मूळ: मातृवंश.' वाचून केतकीच्या अंगाचा तिळपापड झाला. परक्या कुणी असं म्हटलं असतं तर तिने त्याला फैलावर घेतलं असतं. पण ही पत्रिका काढणाऱ्या यंत्राच्याच पुण्यातल्या कचेरीत ती संख्याशास्त्रज्ञ म्हणून नोकरीला होती. आपल्याच यंत्राने आपल्याच पोरीवर शिक्का मारला होता, आता फैलावर घ्यायचं कुणाला?

यंत्राचं नाव मूळशोध. देशातल्या प्रत्येक मुलाची आरोग्याची नोंद आता आईच्या पोटात असल्यापासून एका जागी साठत होती. लशी, तापाच्या गोळ्या, दवाखान्याच्या खेपा, सगळं. शाळेत दरवर्षी प्रत्येक मूल एका नळीत जोर लावून फुंकायचं आणि फुप्फुसात किती दम आहे ते नोंदलं जायचं. दुसरीकडे उपग्रह आणि नाक्यानाक्यावरचे संवेदक गल्लीगल्लीतली हवा रोजच्या रोज लिहून ठेवत होते. मूळशोध या दोन साठ्यांची गाठ मारायचं आणि सांगायचं, की या मुलाच्या आजच्या दुखण्याचं मूळ अमुक ठिकाणच्या हवेत आहे.

त्यामागची कल्पना साधी होती. पोटातलं आणि पाळण्यातलं शरीर म्हणजे ओलं सिमेंट. त्यावर कुत्र्याचं पाऊल पडलं तर ते कायमचं. फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत भराभर तयार होतात. त्या दिवसांत वाईट वायू मिळाला, तर फुग्यांची संख्याच कमी भरते आणि ती तूट सहसा पुढे भरून निघत नाही. तोच वायू चार वर्षांच्या पोराला मिळाला तर पोर खोकतं, औषध घेतं आणि बरं होऊन खेळायला जातं.

मूळशोधने बरीच पुण्याई गाठीला बांधली होती. त्याच्या सांगण्यावरून कुठे वीटभट्ट्या हलल्या होत्या, कुठे पाण्याच्या टाक्या बदलल्या होत्या. म्हणून तर केतकीचा त्याच्यावर जीव होता. आणि त्याच मूळशोधने तिच्या माहेराबद्दल, कोकणातल्या खैरवण्याबद्दल, दोन निष्कर्ष काढले होते.

खैरवण्याला खाडीच्या कडेने रासायनिक कारखान्यांची वसाहत होती. वास असा, की पाहुणा एसटीतून उतरताच नाकाला रुमाल लावायचा. पण यंत्र म्हणत होतं, खैरवण्यात राहणाऱ्या मुलांची फुंक उत्तम आहे. उलट पुण्यात, ठाण्यात, कोल्हापुरात स्वच्छ हवेत वाढणाऱ्या काही मुलांची फुंक कमी आहे आणि त्यांच्यात सारखी गोष्ट एकच, त्यांच्या आया खैरवण्याच्या. म्हणजे हवा चांगली, पोरींचं रक्त वाईट! पहिल्या निष्कर्षावर खैरवण्याला 'बालनिर्मळ क्षेत्र' हा दाखला मिळणार होता, त्या दाखल्यावर वसाहतीचा दुसरा टप्पा उभा राहणार होता. दुसऱ्या निष्कर्षाची पत्रिका खैरवण्याच्या लेकींच्या घरोघरी जात होती.

धाकट्या बहिणीच्या, तनुजाच्या घरी ती जरा आधीच पोचली होती. तनुजा चिंचवडला दिली होती, आणि तिला सातवा महिना लागला होता.

"ताई, सासूबाई आता माझ्याकडे बघतच नाहीत," ती फोनवर म्हणाली. "पोटाकडे बघतात. काल नवऱ्याला म्हणाल्या, आधी कळलं असतं तर विचार केला असता. कसला विचार ते मी विचारलं नाही."

"मी येऊन विचारू?"

"नको. आई यायचीये ना न्यायला. एकदा खैरवण्याला गेले की सुटले."

आई चार दिवस आधीच केतकीकडे येऊन उतरली होती. रविवारी चिंचवडला जाऊन धाकटीची ओटी भरायची आणि तिला पहिल्या बाळंतपणाला माहेरी घेऊन जायचं, असा बेत. खैरवण्याच्या घरी मागच्या खोलीला तिने रंग दिला होता, पाळण्याला नवी दोरी बांधली होती. रेवाची पत्रिका तिने चष्मा वर-खाली करत वाचली आणि फोन असा ठेवला की जणू त्याला खरकटं लागलंय.

"आमच्या वंशात खोट? तुजा आजा म्हातारपनी डोंगर चढून गुरं आनायचा."

"मी नाही म्हणत आई. यंत्र म्हणतंय."

"यंत्राला म्हनावं, मी केलंय रेवाचं बाळंतपन. काय कमी केलं मी? शेक, धुरी, अळीव, डिंक, तीन महिने जमिनीला पाय लावू दिला नाय तुला. निशादच्या टायमाला तुज्या सासूनं हट्ट केलान, हितंच ठेवून घेतलान. म्हने दुसरं बाळंतपन सासरीच. मी काय बोललं नाय."

हा तिचा जुना सल होता. बोलत असतानाच जिन्यात धडधड झाली आणि निशाद, केतकीचा धाकटा, चार मजले पळत चढून दारात उभा राहिला. मागाहून रेवा आली. ती तीन वर्षांनी मोठी, पण दुसऱ्या मजल्यावर थांबून, तिसऱ्यावर थांबून. वर आल्यावर तिने कठड्याला पाठ टेकली आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने श्वास गोळा करत राहिली.

केतकी दोघांकडे बघत राहिली. एकच आई, एकच बाप, एकच घर, एकच शाळा. वंशात खोट असेल तर ती निशादच्या वाट्याला का आली नाही?

एक खैरवण्याला झाली. दुसरा पुण्याला झाला.

"आई," ती म्हणाली, "परत सांग. निशादच्या वेळी काय झालं?"

"आता कशाला उकरतेस गो? जाऊ दे म्हटलं ना."

केतकी मात्र जाऊ देणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी कचेरीत तिने यंत्राला विचारलं, जन्माच्या आगेमागे बाळ कुठे होतं? पोरीचं लग्न झालं, की आरोग्यकार्डावरचा पत्ता सासरचा होतो. ती पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात माहेरी जाते, तालुक्याच्या इस्पितळात बाळ होतं, तिथून ती आईच्या घरी येते आणि बाळ तीन महिन्यांचं झालं की सासरी परतते. यंत्राच्या लेखी ती पूर्ण वेळ सासरीच असते, फक्त मध्ये दोन-तीन दिवस इस्पितळात. सिमेंट ओलं असतानाचे ते सगळे महिने यंत्राने भलत्याच गावच्या हवेला चिकटवले होते.

खरा मुक्काम शोधायला केतकीला एक धागा मिळाला. बाळाची दीड महिन्याची आणि अडीच महिन्याची लस कुठल्या उपकेंद्रात टोचली, हे साठ्यात होतं. लस खैरवण्याची असेल तर बाळ खैरवण्याला होतं, इतका सरळ हिशेब. मग तिने दोन-दोन भावंडं असलेली घरं वेगळी काढली. एकाच आईची दोन मुलं घेतली, की वंश, गरिबी-श्रीमंती, खाणंपिणं आपोआप सारखं होतं. फरक राहतो तो जागेचा.

खैरवण्याच्या लेकींची पहिली मुलं, माहेरी झालेली, दमाला कमी. त्यांचीच दुसरी मुलं, सासरी झालेली, ठणठणीत. मग तिने उलट बाजू पाहिली. खैरवण्यात दिलेल्या सुनांची पहिली मुलं, जी त्यांच्या त्यांच्या माहेरी झाली होती, ठणठणीत. आणि दुसरी, खैरवण्यात झालेली, दमाला कमी. रक्त कुठलंही असो, त्या महिन्यांत जो खैरवण्याला होता त्याचाच श्वास तोकडा होता.

केतकीला आधी आनंद झाला, मग रडू आलं. आनंद आईचं रक्त सुटलं म्हणून आणि रडू आईचं घरच सापडलं म्हणून. तनुजा तर रविवारी तिथेच जायला निघाली होती.

मूळशोधचे जनक डॉ. सुनंद कुलथे यांनी सगळं शांतपणे पाहिलं. माणूस वाईट नव्हता. पण आपण बांधलेल्या घराला गळती आहे हे शेजाऱ्याने सांगितलं, की मालकाचा जसा चेहरा होतो, तसा त्यांचा झाला.

"दुसरी मुलं फार थोडी आहेत, केतकी."

"आता सगळ्यांना एकेकच असतं सर. म्हणून तर यंत्राला दिसलं नाही. जवळजवळ सगळी मुलं पहिलीच, आणि पहिली म्हणजे माहेरची. खैरवण्यात राहणारी मुलंही आईच्या माहेरी, बाहेरगावी झालेली."

"माहेर!" ते हसले. "राष्ट्रीय नोंदीत माहेर नावाचा रकाना नसतो. आपण तिथे भावना नोंदवत नाही."

"भावना नाही सर, मुक्काम. पाच महिन्यांचा."

"पुढच्या आठवड्यात खैरवण्याला दाखल्याची जनसुनावणी आहे. मी तिथे निष्कर्ष मांडणार आहे. आता पायाच खणायला घेतला तर सगळ्या देशातल्या पत्रिका शंकेत येतील, कळतंय का?"

"यायलाच हव्यात."

कुलथेंनी चष्मा पुसला. दुपारपर्यंत केतकीची साठ्यात शिरायची परवानगी बंद झाली होती.

रविवारी चिंचवडला ओटी भरून झाली. तनुजाच्या सासूबाई कुंकू लावून आत निघून गेल्या, बॅग दारात तयार होती. केतकीने ती बॅग उचलली आणि स्वतःच्या गाडीत ठेवली.

"तनू माझ्याकडे येतेय. बाळंतपण पुण्यात होईल. आई, तूही तिथेच राहा."

"काय बोलतेस गो?" आई म्हणाली. "पैलं बाळंतपन थोरल्या भनीच्या घरी? लोक काय म्हनतील, आई मेली काय हिची?"

केतकीने सगळं सांगितलं. जमेल तितकं हळू, जमेल तितकं सोपं. आई ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता.

"म्हंजी माज्या घरात विष हाय म्हनतेस. रेवाला मी बाधवली म्हनतेस."

"मी असं नाही म्हटलं."

"मंग काय म्हटलंस?"

तनुजाने रडत रडत बहिणीच्या गाडीचं दार उघडलं आणि आत बसली. आईने कुणाचाच हात धरला नाही. अळिवाच्या लाडवांचा डबा तनुजाच्या मांडीवर ठेवला आणि स्वारगेटला उतरून, मागे न बघता, एकटी खैरवण्याच्या गाडीत चढली.

केतकीला वाईट वाटलं. वाईट वाटलं म्हणून ती थांबली मात्र नाही. साठा सरकारचा असला, तरी आपल्या मुलाची पत्रिका आईला आपल्या फोनवर केव्हाही बघता येते. तो हक्क कायद्याने दिला होता आणि कुलथेंच्या बापाला काढता येत नव्हता. 'खैरवण्याच्या लेकी' नावाचा एक ग्रुप होता. एरवी त्यावर सोनचाफ्याचे फोटो आणि सणाच्या शुभेच्छा फिरायच्या. केतकीने तिथे लिहिलं:

'मातृवंशाचा शिक्का ज्यांना ज्यांना बसलाय, त्यांनी वाचा. तुम्हाला दोन मुलं असतील तर दोघांची फुंक शेजारी शेजारी ठेवून बघा. मग आठवा, कुणाच्या वेळी कुठे राहिला होतात. बुधवारी गावात सुनावणी आहे. मी जातेय. मुलांना घेऊन या.'

मग एकीने लिहिलं, 'अगं बाई.' मग दुसरीने. मग फोन थांबेना.

मंगळवारी संध्याकाळी केतकी रेवा-निशादला घेऊन खैरवण्याला पोचली. आईने पाणी दिलं आणि परत तांदूळ निवडायला बसली. मागच्या खोलीचा नवा आकाशी रंग अजून वास देत होता, रिकामा पाळणा आढ्याला टांगलेला होता. दिवेलागणीला खाडीकडून तो दुसरा वास आला, कुजक्या लसणासारखा. आई उठली आणि एकेक करून खिडक्या लावत सुटली. सवयीचे हात होते ते.

"रोज लावतेस?"

"संध्याकाळचं सोडतात ते. रेवा होती तवा मी पाळण्यावर ओलं फडकं टाकायची. वास लागू नये म्हनून."

"आई, तुला माहीत होतं?"

"वास येतो ते माहीत होतं गो! वासानं लेकराचा दम जातो ते कुनी सांगितलान आमाला?" आई खिडकीचा गज धरून उभी होती. "ते फडकं मी रात्रीतनं उठून उठून भिजवायची. तरी गेलाच नं दम तिचा."

केतकीने जाऊन तिला मिठी मारली. दोघी रडल्या. मग आईने पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "उद्या किती वाजता हाय ती सुनावनी?"

सुनावणी शाळेच्या मैदानावर, मांडवात होती. अधिकारी मधोमध, डाव्या हाताला कुलथे आणि त्यांचा पडदा. पडद्यावरच्या हवेच्या नकाशात खैरवणं हिरवंगार दिसत होतं. कुलथे उत्तम बोलले. मग आक्षेप मागवले, तेव्हा केतकी उठली.

"तुम्ही याच खात्यात नोकरीला आहात," अधिकारी कागद बघत म्हणाले. "खात्याच्या विरोधात बोलता येणार नाही."

"राजीनामा सकाळीच पाठवलाय. मी इथली माहेरवाशीण म्हणून बोलतेय. आणि मला कुलथे सरांना एकच विचारायचंय." ती वळली. "सर, तुमचा जन्म कुठला?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"सांगा तरी. तुमच्या आईचं सासर सोलापूरला, ते ठाऊक आहे मला. जन्म कुठला?"

कुलथे घुटमळले. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. "कराडचा," ते म्हणाले. "आजोळी."

"पहिले ना तुम्ही?"

"हो."

मांडवात हसू फुटलं. बायकांच्या बाजूने आधी, मग सगळीकडून.

"सर, तुमच्या यंत्राला विचारलं तर तुम्ही सोलापूरच्या हवेत जन्मलात," केतकी म्हणाली. "आपण सगळे यंत्र बांधणारे आजोळी जन्मलो, आणि एकालाही बाळ कुठे होतं हे विचारायचं सुचलं नाही."

"बाळंतिणीच्या खोलीत धुरी असते," कुलथे म्हणाले. आवाज चढला होता. "शेगडी असते. फुप्फुसं त्यानेही बिघडतात."

"डोंगरापलीकडच्या गावातही शेगडी पेटते. तिथल्या लेकींची पोरं धडधाकट आहेत. तुमच्याच साठ्यात आहे, उघडून बघा. आणि आकडे कमी वाटत असतील तर आकडे आलेत."

तिने मागे पाहिलं. खैरवण्याच्या लेकी उभ्या राहिल्या. पुण्याहून, ठाण्याहून, इस्लामपूरहून आलेल्या, हातात एकेक नाही, दोन-दोन मुलं धरून. त्यांच्या सांगण्यावरून आलेल्या गावातल्या सुनाही उठल्या. शाळेतली फुंकायची नळी तिथल्या बाईंनी कपाटातून काढून दिली. मुलाचं वय लावलं, की त्या वयाच्या मानाने किती दम आहे ते तिच्यावरचा काटा दाखवायचा. पहिलं आलं की दुसरं, मोठं आलं की धाकटं. रेवाने फुंकलं, काटा अर्ध्यावर गेला आणि थांबला. निशादने फुंकलं, काटा सरळ पलीकडे. मग पुढची जोडी. मग त्याच्या पुढची. गावच्या सुनांची जोडी आली की काटा उलटा नाचायचा, मोठ्याचा पूर्ण, धाकट्याचा अर्धा. एका मुलाने सबंध छाती फुगवून फुंकलं, कमी पडलं, परत फुंकलं, परत कमी पडलं, आणि तो नळी सोडेना. त्याच्या आईने ती हळूच काढून घेतली. हसू केव्हाच थांबलं होतं.

कुलथेंनी उठून स्वतःच्या हाताने पडदा बंद केला. "हा निष्कर्ष मी आज मांडू शकत नाही," ते म्हणाले. "मुक्काम धरून पुन्हा तपासावं लागेल." एवढं म्हणायला धाडस लागतं, हे केतकीने मनात मान्य केलं. पण माफ केलं नाही.

अधिकारी थकून म्हणाले, "दाखला स्थगित ठेवू. नोंदीसाठी गावातल्या कुणाला थोडक्यात आक्षेप सांगायचाय का?"

आई उठली. पदर खोचला. माईक कुणीतरी पुढे केला तो तिने बाजूला सारला.

"थोडक्यातच हाय. लिवा. माजी धाकटी लेक पैलटकरीन हाय. तिच्यासाठी मी खोली रंगवली, पाळना टांगला. माजं घर सोच्छ हाय, माजं रक्त सोच्छ हाय. तरी माजी लेक माज्या घरी येऊ शकत नाय." तिने खाडीच्या दिशेला हात केला. "ती खोली कुनामुळं रिकामी हाय, त्यांचं नाव लिवा. आनि ती कदी भरनार, ती तारीख लिवा. लिवल्याबिगर मी काय खाली बसत नाय."

ती बसली नाही. तिच्यामागच्या बायकाही बसल्या नाहीत. अधिकाऱ्यांनी कारकुनाकडे पाहिलं आणि कारकून लिहू लागला.